चामड्यावर काय आहे आणि कंसात काय आहे : अरामी हस्तलिखितांविषयी एका प्रश्नाचं उत्तर

तुम्ही विचारलं आहे: मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या, ‘देवाचा पुत्र’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, अरामी या हिब्रूच्या जवळच्या प्राचीन भाषेतल्या हस्तलिखिताच्या तुकड्याची दोन भाषांतरं वाचली. एकात तो येणारा तारणारा राजा आहे, दुसऱ्यात यहुद्यांना छळणारा परका राजा. एकाच मजकुराचे इतके उलटे अर्थ कसे निघतात? मुळात लिहिलेलं आहे तरी किती? आणि संस्कृत व मोडी येणाऱ्या माणसाला या अभ्यासात शिरायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

गेली बरीच वर्षं मी ही हस्तलिखितं वाचतो आणि शिकवतो. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून त्या तुकड्यापासूनच सुरू करतो.

त्याचा क्रमांक ४क्यू२४६. म्हणजे कुमरानची चौथी गुहा आणि तिच्यातलं २४६ वं हस्तलिखित. तो १९५८ साली विकत घेतला गेला. योझेफ मिलिक यांनी १९७२ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानात त्याची ओळख करून दिली, पण संपूर्ण तुकडा रीतसर प्रसिद्ध व्हायला १९९२ उजाडलं. ते काम एमिल प्युएश यांनी केलं. चामड्याच्या या एकाच तुकड्यावर नऊ-नऊ ओळींचे दोन स्तंभ आहेत. डावीकडचा स्तंभ जवळजवळ पूर्ण आहे. उजवीकडचा मात्र उभा फाटला आहे. अरामी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे पहिल्या स्तंभातल्या प्रत्येक ओळीची सुरुवात गेली आणि शेवट उरला. दुसरा स्तंभ वाक्याच्या मध्येच संपतो आणि पुढचा स्तंभ आपल्यापाशी नाही.

उरलेल्या मजकुरात कुणीतरी राजासमोर पडून बोलतो आहे, संकटं येणार आहेत, अश्शूर आणि मिसर यांचा उल्लेख आहे. मग दुसऱ्या स्तंभाच्या अगदी पहिल्या ओळीत ते प्रसिद्ध शब्द येतात: ‘बरेह दी एल यित्अमर, उबर एल्योन यिक्रोनेह’. त्याला देवाचा पुत्र म्हटलं जाईल, परात्पराचा पुत्र अशी त्याला हाक मारतील. लूकच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायात देवदूत मरियेला जे सांगतो, त्याच्याशी हे शब्द इतके जुळतात की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण हा ‘तो’ कोण? त्याची ओळख असलीच तर पहिल्या स्तंभाच्या फाटून गेलेल्या अर्ध्या भागात असणार. ज्या नावावरून सगळा वाद आहे, नेमकं तेच आपल्या हाती नाही.

आता पुढच्या ओळी पाहा. काही वर्षं ते राज्य करतील, सगळं तुडवतील, एक जमात दुसऱ्या जमातीला तुडवेल. मग लेखकानं ओळीत मुद्दाम मोकळी जागा सोडली आहे. तिच्यानंतर शब्द येतात, ‘देवाची प्रजा उठेपर्यंत’. इथलं क्रियापद ‘येकूम’ असं वाचलं तर प्रजा स्वतः उठते. ‘येकीम’ वाचलं तर कुणीतरी तिला उठवतो. फरक एका अक्षराचा: वाव की योद. त्या काळच्या हस्ताक्षरात ही दोन्ही अक्षरं म्हणजे डोक्यावर छोटासा आकडा असलेली एक उभी रेघ, आणि रेघेच्या लांबीत केसाइतका फरक. कित्येक लेखकूंच्या हातात तोही उरलेला नसतो. त्याच ओळीत पुढे ‘सगळं तलवारीपासून विसावेल’ की ‘तो सगळ्याला तलवारीपासून विसावा देईल’ हा प्रश्नही याच दोन अक्षरांमुळे पुन्हा उभा राहतो.

त्यानंतर येतं ‘त्याचं राज्य हे सर्वकाळचं राज्य’. इथला ‘त्याचं’ कुणाचा? अरामीत प्रजेसाठी वापरलेला ‘अम’ हा शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून सर्वनाम प्रजेकडेही जाऊ शकतं आणि त्या पुत्राकडेही. बायबलमधल्या दानीएलच्या ग्रंथात, सातव्या अध्यायाच्या २७ व्या वचनात, हेच शब्द आहेत आणि तिथेही हाच प्रश्न पडतो.

म्हणजे दोन्ही भाषांतरकारांपैकी कुणीही लबाडी केलेली नाही. ज्यांना तो पुत्र दुष्ट राजा वाटतो, ते त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवतात: तिच्या आधी सगळा छळ, देवाचं राज्य तिच्यानंतर, आणि पुत्राचा उल्लेख आधीच्या बाजूला. मिलिक यांना तो सेल्यूकिड, म्हणजे सिरियावर राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्यातला, राजा अलेक्झांडर बालास वाटला होता. जोसेफ फिट्झमायर यांच्या मते तो येणारा यहुदी राजा, पण मशीहा, म्हणजे देवानं पाठवलेला तारणारा, नव्हे. जॉन कॉलिन्स त्याला मशीहा मानतात. माझं मत विचाराल तर मी कॉलिन्स यांच्या बाजूला झुकतो. या प्रकारच्या मजकुरात संकट आणि सुटका आलटून पालटून येतात, त्यामुळे एकट्या मोकळ्या जागेवर एवढा भार टाकणं मला पटत नाही. पण माझ्या वहीत हे मत पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. फाटलेल्या अर्ध्यातले चार शब्द उद्या दुसऱ्या एखाद्या प्रतीत सापडले, तर ते खोडावं लागेल.

तुम्हाला मोडी येतं, म्हणून हे पटायला वेळ लागणार नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, शब्द तोडत नाहीत, आणि दप्तरातला कागद वाचताना अर्थ आधी डोक्यात आला तर डोळे त्याला हवं तेच अक्षर पाहतात. अरामी लेखकूंनी शब्दांमध्ये जागा सोडली, एवढी सवलत आपल्याला मिळते. पण स्वर बहुतेक लिहिलेले नाहीत. जुन्या पपायरसांत, म्हणजे नाईलकाठच्या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदांत, दालेत आणि रेश ही अक्षरं अशी दिसतात की परकी विशेषनामं वाचताना भलेभले अडखळतात.

आता ‘किती लिहिलेलं आहे’ याविषयी. शास्त्रीय आवृत्तीत चौकोनी कंसाचा अर्थ एकच: इथे चामडं किंवा पपायरस नाही, आत दिसतो तो संपादकाचा तर्क. अक्षरावर टिंब असेल तर ते अक्षर बहुधा तेच. अक्षरावर बारीक वर्तुळ असेल तर ते असू शकेल, एवढंच. सर्वसामान्य वाचकांसाठी भाषांतर छापलं जातं तेव्हा टिंबं आणि वर्तुळं पहिल्यांदा गळतात, आणि मग हळूहळू कंसही. माझ्या गुरूंनी पहिल्याच तासाला आमच्या हातात एक छापील पान आणि काळी पेन्सिल दिली होती. कंसातलं सगळं काळं करा आणि उरलेलं मोठ्यानं वाचा, म्हणाले. आमच्या त्या पानावर सलग म्हणता येईल असं एकही वाक्य उरलं नाही. आजही मी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा हेच करायला लावतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण कुमरानच्या बाहेरचं आहे. नाईल नदीत, आजच्या आस्वानसमोर, एलेफंटाईन नावाचं बेट आहे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात, इराणी साम्राज्याच्या अमलाखाली, तिथे यहुदी शिपायांची वसाहत होती. त्यांचं स्वतःचं, ‘याहो’ देवाचं मंदिर होतं. त्यांच्या अरामी पत्रांत इसवी सनपूर्व ४१९ चं एक पत्र आहे. हनन्या नावाचा माणूस येदन्या आणि त्याच्या सोबत्यांना लिहितो. जगभर हे पत्र ‘वल्हांडणाचं पत्र’ म्हणून ओळखलं जातं. वल्हांडण, म्हणजे पेसाह, हा मिसरमधून झालेल्या सुटकेचा यहुदी सण. पण उरलेल्या मजकुरात वल्हांडण हा शब्दच नाही. तो कंसात आहे.

पपायरसवर जे आहे ते असं: दारयावेश राजाचं पाचवं वर्ष, राजाकडून क्षत्रप (प्रांताचा अधिकारी) अर्शाम याला काहीतरी कळवलं गेलं आहे. काय कळवलं, तो भाग गेला. मग निसान महिन्यातला २१ वा दिवस, शुद्ध राहा, काम करू नका, पिऊ नका, आणि ‘ज़ी खमीर’, म्हणजे खमिराचं जे जे काही असेल ते. एवढ्या खुणांवरून वल्हांडण आणि बेखमीर भाकरींचा सण ओळखता येतो, आणि वल्हांडणासाठीचा ‘पस्हा’ हा शब्द त्याच बेटावरच्या खापरांवर लिहिलेला सापडलेला आहे. त्यामुळे कंसातला तर्क उत्तम आहे, मीही तो मान्य करतो. पण या पत्राच्या आधारे कुणी लिहिलं की इराणच्या राजानं फर्मान काढून यहुद्यांना वल्हांडण पाळायला सांगितलं, तर त्या वाक्यातला कणा पूर्णपणे कंसातला आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असायला हवं. आणि हो, ‘खमीर’ वाचून तुम्ही थबकाल. आपला मराठी शब्द अरबी-फारसीतून आला, पण तो याच कुळातला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पत्रात तो दिसला की परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

कंस भरणं हा गुन्हा नाही. ते कशाच्या आधारावर भरले, यावर सगळं ठरतं. हनोख या बायबलमधल्या पूर्वजाच्या नावावर असलेल्या प्राचीन यहुदी ग्रंथाचं उदाहरण घ्या. तो संपूर्ण रूपात केवळ इथिओपियाच्या गीझ भाषेत टिकला, काही भाग ग्रीकमध्ये. कुमरानला त्याच्या अकरा अरामी प्रतींचे तुकडे सापडले, तेव्हा मूळ भाषेचा पुरावा हाती आला. मिलिक यांनी १९७६ मध्ये ते प्रसिद्ध केले. तुकडे एकमेकांशेजारी नेमके बसवण्यात त्यांच्याइतका तीक्ष्ण डोळा कुणाचा नव्हता, असं मला अजूनही वाटतं. पण त्यांनी मधल्या मोठ्या जागा ग्रीक आणि गीझवरून उलट अरामीत भाषांतर करून भरल्या. त्यामुळे छापील पानावर अरामी दिसतं भरपूर, प्रत्यक्षात चामड्यावर फार थोडं आहे. त्या कंसांतले शब्द पुढे काही लोकांनी अरामी भाषेचा पुरावा म्हणून वापरले. विसाव्या शतकातल्या विद्वानाचं अरामी पहिल्या शतकातलं म्हणून दाखवलं गेलं, ही चूक आजही अधूनमधून होते.

याउलट याकोबाचा मुलगा लेवी याच्या नावावरचा अरामी ग्रंथ. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये गेनिझा, म्हणजे जीर्ण झालेले पवित्र लेख ठेवायची खोली होती. तिथून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी हस्तलिखितं बाहेर पडली, त्यांत मध्ययुगात उतरवलेली या ग्रंथाची काही अरामी पानं होती. पुढे अर्ध्या शतकानं कुमरानला त्याच ग्रंथाचे, जवळजवळ हजार वर्षं जुने, तुकडे मिळाले. दोन्ही ठिकाणी मजकूर एकमेकांवर बसतो. इथे कुमरानची रिकामी जागा गेनिझाच्या पानावरून भरली, तर भरणारे शब्द निदान खऱ्या अरामी परंपरेतले असतात.

कधी आधार मजकुराचा नसून वस्तूचा असतो, आणि मला स्वतःला हे पुरावे सर्वांत जास्त आवडतात. एलेफंटाईनला अहीकार नावाच्या ज्ञानी मंत्र्याची कथा आणि त्याची सुभाषितं असलेला पपायरस सापडला. पानं सुटी होती, त्यामुळे सुभाषितांचा क्रम कुणाला लावता येईना. तो पपायरस मात्र दुसऱ्यांदा वापरलेला होता: आधीचा मजकूर पुसून त्यावर अहीकार लिहिला होता. बेझालेल पोर्टेन आणि आदा यार्देनी यांनी ती पुसलेली शाई वाचून काढली. तो निघाला बंदरातल्या जकातीचा हिशेब. कुठलं गलबत कुठल्या महिन्यात आलं, किती कर भरला, अशा नोंदी, बहुधा इसवी सनपूर्व ४७५ च्या. हिशेब महिन्यांच्या क्रमानं चालतो. म्हणून खालच्या महिन्यांच्या क्रमावरून वरच्या सुभाषितांची पानं लागली. १९९३ साली हा क्रम प्रसिद्ध झाला तेव्हा आधीच्या आवृत्तींतली मांडणी बदलावी लागली.

असंच बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या, उत्पत्तीच्या, कथा सांगणाऱ्या त्या अरामी गुंडाळीचं, जिच्यात नोहाचा बाप लामेख आपल्या बायकोवर संशय घेतो आणि अब्राहामाची बायको साराय हिच्या रूपाचं वर्णन येतं. पहिल्या गुहेतल्या मूळ सात गुंडाळ्यांपैकी हीच शेवटी, १९५६ मध्ये, उलगडली, कारण शाईनं चामडं खाऊन ती घट्ट चिकटली होती. तिच्यात सुमारे बावीस स्तंभांचे अवशेष आहेत. मॅथ्यू मॉर्गनस्टर्न यांनी दाखवलं की शिवलेल्या तावांच्या कोपऱ्यांत पे, त्सादे, कोफ ही अक्षरं आहेत. ही वर्णमालेतली १७ वी, १८ वी आणि १९ वी. तावांचे हे क्रमांक असतील, तर आपल्याकडे आहे त्याच्या आधीचा फार मोठा भाग हरवला आहे. तीन बारीक अक्षरांवरून सगळ्या ग्रंथाच्या आकाराची कल्पना बदलते.

मूळ पाहायला मिळालं नाही तर काय, असं तुम्ही विचाराल. बहुतेकांना ते मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर दरवेळी त्याची गरजही नसते. १९५० च्या दशकात जेरुसलेमच्या संग्रहालयात नजीब अल्बिना यांनी अवरक्त प्रकाशात काढलेली छायाचित्रं पुष्कळदा आजच्या चामड्यापेक्षा जास्त दाखवतात, कारण मधल्या वर्षांत कडा काळ्या पडल्या, चुरा झाला. त्या काळी तुकडे जोडायला चिकटपट्टी वापरली गेली. तिचा गोंद चामड्यात मुरला, आणि १९९१ पासून तो काढायचं काम चाललं आहे. अक्षरं उठून दिसावीत म्हणून काही तुकड्यांना एरंडेलही लावलं होतं. ते नीट काढल्याशिवाय कार्बनची चाचणी केली, तर आजचा कार्बन मिसळून हस्तलिखित आहे त्यापेक्षा तरुण दिसतं. आज जुनी छायाचित्रं आणि नव्या बहुवर्णपटी प्रतिमा दोन्ही इंटरनेटवर मोफत आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचायची सवय लावा.

कालनिर्णयाचं थोडक्यात. मुख्य आधार अक्षरांच्या वळणाचा. त्याची चौकट फ्रँक मूर क्रॉस यांनी १९६१ मध्ये घालून दिली. जोडीला कार्बन आहे, आणि आता संगणकही. २०२५ मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या गटानं कार्बनच्या तारखांवर शिकवलेली एक प्रणाली मांडली. तिच्या मते बरीच हस्तलिखितं आपण समजत होतो त्याहून जुनी आहेत. त्यांच्याच कार्बन चाचणीत दानीएलचा एक तुकडा, ४क्यू११४, इसवी सनपूर्व २३० ते १६० या पट्ट्यात आला. म्हणजे दानीएलच्या ग्रंथाला शेवटचं रूप मिळालं असं मानतात, त्याच काळाच्या अगदी लगत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पण ज्यांच्यावर कार्बन तपासलेलाच नाही, अशा हस्तलिखितांच्या तारखा मी अजून मोठ्या पट्ट्यातच देतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. २००२ नंतर बाजारात आलेल्या तुकड्यांपासून लांब राहा. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाकडच्या सोळाच्या सोळा तुकड्यांची तपासणी २०२० मध्ये जाहीर झाली, तेव्हा सगळे आधुनिक बनावट निघाले. चामडं जुनं होतं, शाई नवी. चामड्याला पडलेल्या भेगांत शाई उतरली होती, म्हणजे लिहिलं गेलं तेव्हा भेगा आधीच होत्या. जो तुकडा कुठल्या गुहेत, कुणाला, कधी सापडला हे सांगता येत नाही, त्यावर लेख लिहू नका, कितीही मोह झाला तरी.

आता सुरुवात कुठून करायची. लोक बहुधा कुमरानपासून सुरू करतात, कारण नाव मोठं आहे. कुमरानला नऊशेहून अधिक हस्तलिखितांचे अवशेष मिळाले, त्यांतली सुमारे १२० अरामी, आणि बहुतेकांची अवस्था वर सांगितली तशी. माझा सल्ला वेगळा आहे. आधी दानीएलचे अरामी अध्याय वाचा. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात भाषा हिब्रूतून अरामीत वळते, ती सातव्याच्या शेवटापर्यंत. तिथे स्वर दिलेले आहेत, म्हणून व्याकरण पक्कं होतं. मग एलेफंटाईनचे करार घ्या. हे लोक एकाच साच्यात लिहितात, त्यामुळे एका करारातली फाटलेली ओळ दुसऱ्या करारातल्या धड ओळीवरून खात्रीनं भरता येते. कंस भरायचं शिक्षण इथेच घ्यावं. मंदिराचा सेवक अनन्या आणि तामेत नावाची मिसरी दासी यांचा इसवी सनपूर्व ४४९ चा विवाहकरार आहे. तिनं घरात काय आणलं याची यादी आहे, लोकरीचं वस्त्र, आरसा. आणि घटस्फोटाचं कलम: तो सभेत उभा राहून म्हणाला की मी हिचा तिरस्कार करतो, किंवा ती म्हणाली की मी याचा तिरस्कार करते, तर जो म्हणेल त्यानं ‘तिरस्काराची चांदी’ भरायची. हक्क दोघांना सारखा. हे वाचलं की ही माणसं डोळ्यांपुढे उभी राहतात.

शब्दांसाठी सिनसिनाटीहून चालवला जाणारा अरामीचा सर्वंकष कोश इंटरनेटवर खुला आहे. हिब्रूही लागेल, ते टाळता येणार नाही. संस्कृतचा तुम्हाला उपयोग दोन ठिकाणी होईल: अनेक प्रती ताडून पाहायची शिस्त, आणि या करारांत ठिकठिकाणी येणारे जुने इराणी शब्द ओळखणं.

आणि आजच करता येईल असा एक अभ्यास. कोकणातल्या बेने इस्राएल कुटुंबांत पेसाहच्या रात्री हागादा, म्हणजे त्या रात्रीच्या विधीची पोथी, वाचतात. मराठी भाषांतरासह ती मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. तिच्यातला सुरुवातीचा एक उतारा हिब्रू नाही, अरामी आहे: ‘हा लह्मा अन्या दी अखालू अवहातना बेअर्आ देमिस्रायिम’. ही गरिबीची भाकर, जी आमच्या वाडवडिलांनी मिसर देशात खाल्ली. यातला ‘दी’ म्हणजे आपला ‘जो, जी, जे’, आणि कधी ‘चा, ची, चे’. एलेफंटाईनच्या पत्रात हाच शब्द ‘ज़ी’ असा होता. दानीएलमध्ये तो ‘दी’ झाला. पुढे झिजून नुसता ‘द’ राहिला आणि पुढच्या शब्दाला चिकटला, जसा याच वाक्यातल्या ‘देमिस्रायिम’मध्ये. भाषेचं वय ठरवताना आम्ही पहिल्यांदा या एका अव्ययाकडे पाहतो. तो उतारा मिळवा, त्यातले ‘दी’ आणि ‘द’ वेगळ्या रंगानं खुणा करून मला पाठवा. पुढची ओळ ‘कोल दिख्फिन’ अशी सुरू होते, ‘जो कुणी भुकेला असेल’. तिथला ‘द’ शोधायला थोडा वेळ लागेल.